भुसा

एल्म ग्रोव्ह, आयोवा. मक्याच्या गोदामामागे
दोन खोल्यांचं म्युझियम. तिकीट नाही,
दाराशी पैशांसाठी कॉफीचा रिकामा डबा.
मला त्यांनी तासावर ठेवलंय,
बुटांच्या खोक्यांतल्या निगेटिव्हज् स्कॅन करायला.

खोका अकरा. झाकणावर पेन्सिलीनं:
रशियन पाहुणे, सप्टेंबर.
साल नाही. कशाला लिहील कोण?
कुठलं साल चाललंय ते पोराटोरांनाही ठाऊक होतं,
आणि ते शेवटचं ठरू शकतं, हेही.

उजेडाच्या काचेवर पट्टी ठेवली
की आधी सगळं उलटं.
आभाळ काळंभोर, दात काळे,
आणि दोन्हीकडचे गडद कोट पांढरेशुभ्र,
जणू एकाच मयताला आलेत
भावकीतली दोन घरं,
बांधाचा दावा तेवढ्यापुरता कोर्टात ठेवून.

चौथी फ्रेम: हातात हात.
पाचवी: तेच हात, पुन्हा. मघाशी कुणाचे तरी डोळे मिटले होते.
सहावी: पुन्हा.
इथे मात्र पाहुण्याचा अंगठा पांढरा पडलाय,
यजमानाचाही. कुणीच आधी सोडत नाहीये.

नवव्या फ्रेममध्ये माणसंच नाहीत.
टेबल, पाण्याचा जग,
दोन छोटे झेंडे. लाल रंग
या फिल्मवर राखाडीच उतरतो, दोघांचाही.
टेबलक्लॉथवर काहीतरी सांडलंय, रव्यासारखं.
मी मोठं करत जाते. रवा नाही.

लोर्ना ट्वाइट गुरुवारी येते, कपाटांवरची धूळ पुसायला.
ऐंशीच्या पुढची. वाकून बघते, म्हणते,
भुसा आहे तो. माझ्या बापाचा.

रात्री अकराला जीप आली होती सुताराच्या दारात.
एका झेंड्याची काठी बोटभर उंच.
त्यानं ती कापली. मग दुसरी उंच ठरली.
तीही कापली. मग पहिली.
दोन्हीकडचे साहेब पट्टी घेऊन उभे
आणि ऑर्व्हिल ट्वाइट मध्ये, करवत घेऊन.
मला आमच्या गोष्टीतली दोन मांजरं आठवली
आणि लोण्याचा गोळा तोलणारं माकड.
फरक एवढाच, की या माकडाच्या पोटात काही गेलं नाही.
दीड डॉलर येणं होतं,
ते कुठल्या सरकारनं द्यायचं, हे ठरलंच नाही.

पहाटेपर्यंत झेंडे एवढे बुटके झाले
की लोणच्याच्या बरणीआड लपले असते.
तुकडे त्यानं खिळ्यांच्या डब्यात टाकले.
एक पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला खुंटी म्हणून गेला.
कुणाच्या झेंड्याचा?
लोर्ना खांदे उडवते. पाइनचं लाकूड होतं, म्हणते.

खोक्याच्या तळाशी पाकीट, त्यात दोन कात्रणं.
एक इथल्या पेपरचं, एक मॉस्कोच्या.
फोटो तोच, सहावी फ्रेम.
इथे आपला माणूस वीतभर पुढे आलाय,
तिथे त्यांचा. कात्री कुठून फिरवायची,
एवढंच तर असतं.
दोघांनीही कापलंय ते मात्र एकच:
मधली मुलगी, दुभाषी.
फुगीर बाह्यांचा ब्लाउज, एक हेअरपिन निसटलेली,
तोंड अर्धवट उघडं.

ती कुठल्या बाजूची, कपड्यांवरून कळत नाही.
फोटोग्राफरनं, वेंडेल क्रोग नाव त्याचं,
निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलंय:
मधली. नाव विचारायचं राहिलं.

फॉर्ममध्ये रकाना आहे: चित्रातील व्यक्ती.
मी दोन नावं लिहिते, हुद्द्यांसकट.
तिसऱ्या ओळीशी थांबते.
स्कॅनरचा उजेड
तिच्या चेहऱ्यावरून हळू सरकतोय,
आणि मला उगाच त्या ओठांवरून वाचायचंय
कुठला शब्द होता तो,
जो दोन्ही वर्तमानपत्रांनी कापला.
मराठीत असता, तर
मी पैज लावली असती, ‘म्हणजे’.

लोर्ना दिवे मालवतेय.
तिसऱ्या ओळीत मी लिहिते: बोलत असलेली बाई.
आणि त्याखाली, रकाना नसताना: भुसा.